हातोड्याला लिंबूपाणी

आमच्या ताईसमोर गल्लीतली भलीभली माणसं तोंड उघडत नाहीत. कारण एकदा त्यांनी ते उघडलेलं आहे आणि ताईने आत पाहिलेलं आहे.

ताई दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. डॉक्टरांच्या उजव्या हाताला उभं राहायचं, त्यांनी हात पुढे केला की हवं ते अवजार त्यात ठेवायचं, थुंकी ओढणारी नळी धरायची, आणि खुर्चीतल्या माणसाने पळ काढू नये म्हणून त्याला नुसत्या नजरेने दाबून ठेवायचं. डॉक्टर स्वभावाने गोड. ते पेशंटची विचारपूस करायचे, हवापाण्याच्या गप्पा मारायचे. ताई दोनच शब्द बोलायची, "आ करा." माणूस आ करायचा. मी पोलिसांसमोर, साहेबलोकांसमोर कधी मान खाली घातलेली नाही, पण त्या खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी आणून आ केलेलं आहे. तेव्हा ताई डॉक्टरांना म्हणाली होती, "याला भुलीचं जरा जास्त द्या. जीभही थोडी बधिर राहू दे."

मी तिचा धाकटा भाऊ. शाळेच्या मागच्या भिंतीवरून उडी मारली तिथे माझं शिक्षण संपलं. पुढचं सगळं रद्दीच्या दुकानात उभ्याने वाचून शिकलो: कायदे, चळवळी, कोणत्या अर्जाला कोणता साहेब घाबरतो ते. पोटासाठी चौकातल्या टपरीत किल्ल्या बनवतो आणि उरलेल्या वेळात, म्हणजे खरं तर किल्ल्या बनवायच्याच वेळात, गल्लीचे प्रश्न सोडवतो. ताई मला भोंग्या म्हणते. बाकीचेही म्हणतात, पण माझ्या पाठीमागे.

डॉक्टरांनी वयोमानाने दवाखाना बंद केला तेव्हा खुर्ची एकाने नेली, कपाटं दुसऱ्याने नेली. बाहेरच्या खोलीत एक काचेची मोठी टाकी होती, पेशंटांचं लक्ष दुसरीकडे राहावं म्हणून ठेवलेली. ती कुणालाच नको होती. आत खारं पाणी, मासे दोनच, तेही चेहऱ्यावरून पेशंट वाटावेत असे. बाकी सगळं प्रवाळ. जिवंत प्रवाळ.

"हे मी नेते," ताई म्हणाली.

"अगं, घरी नाही जगायचं हे," डॉक्टर म्हणाले.

असं कुणी ताईला म्हटलं की ती गोष्ट जगते.

आमचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत आमच्या नागरिक समितीचे फलक, काठ्या, गुंडाळलेली कापडं आणि एक कर्णा असा पसारा होता. टाकी आली त्या दिवशी हा सगळा इतिहास माझ्या कॉटखाली गेला. भिंतीशी सिमेंटचा ओटा झाला, त्यावर टाकी, वर निळसर दिवा, शेजारी खारं पाणी तयार करून ठेवायची दोन पिंपं. तो निळा उजेड रस्त्यावरून दिसायचा. आमच्याकडे दारूचा बार निघालाय असं समजून एक गृहस्थ आत येऊन बसलेही होते. ताईने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. त्यांना खुर्ची आठवली असावी. उठून गेले.

मी पहिल्याच दिवशी आक्षेप नोंदवला. "ताई, हे दगड आहेत."

"दगड नाहीत. जनावरं आहेत."

"मग हलत का नाहीत?"

"तू तरी कुठे जागचा हलतोस? तोंड चालू असतं ना? तसंच."

मग मी तत्त्वावर आलो. मला तत्त्वावर यायला फार वेळ लागत नाही. "समुद्राच्या पोटातून जिवंत प्राणी ओरबाडायचे आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यात शोभेला ठेवायचे, ही लूट आहे लूट!"

"दिवाणखाना कुठाय?" ताईने विचारलं.

आम्ही दोघांनीही आजूबाजूला पाहिलं. माझी बनियन दोरीवर वाळत होती.

"आणि यातलं एकही समुद्रातून आणलेलं नाही," ती म्हणाली. "गुलाबाचं कलम करतात तसं कलम आहे. कलमाचं कलम. यांच्या आज्यांनीसुद्धा समुद्र पाहिलेला नाही. चल, तो टॉवेल दे."

तिची काळजी घ्यायची पद्धत दवाखान्यातलीच. दगडामागे बघायला दात बघायचा छोटा गोल आरसा. शेवाळ खरवडायला दातांचा मऊ ब्रश आणि दात कोरायची बाकदार अणकुची. खाऊ घालायला बिनसुईची सिरिंज; त्यातून बारीक दळलेलं खाद्य एकेकाच्या तोंडाशी सोडायचं. हो, प्रवाळाला तोंड असतं. मला आधी पटलं नव्हतं. ताई वाकून, डोळे बारीक करून सिरिंज पुढे न्यायची आणि हळूच म्हणायची, "आ कर." आणि देवाशप्पथ, ते करायचं.

या सगळ्यांत तिचा जीव होता तो हातोड्यावर. त्याच्या फांद्यांच्या टोकांना बोंडं होती; प्रत्येक बोंडातून हिरवट-जांभळी मांसल बोटं निघायची आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला हातोडीसारखा आडवा गोळा, म्हणून हातोडा. दवाखान्यात आला तेव्हा दोन बोंडांचा, अंगठ्याएवढा तुकडा होता. डॉक्टरांनी तो मेला समजून बादलीत टाकला होता. ताईने उचलून पुन्हा पाण्यात ठेवला, एका दगडाला चिकटवला, आणि अख्खी नोकरी त्याला वाढवलं. आता तो परातीएवढा झाला होता. पाण्याचा प्रवाह आला की सगळी बोटं एकदम डुलायची. निवृत्त होताना ताईला ना हार मिळाला, ना भाषण. मिळाला तो हातोडा. ती कधी असं बोलली नाही. पण सकाळी उठून चहाच्या आधी ती त्याच्यापुढे उभी राहायची आणि तो उघडेपर्यंत चहा ठेवायची नाही. माझाही नाही.

एक गोष्ट तिने मला बजावून सांगितली होती: पाणी थांबता कामा नये. टाकीत दिवसरात्र पंप चालतात, पाणी घुसळतात, त्यातून हवा मिसळते. पंप थांबले, पाणी तापलं, की आतले सगळे गुदमरतात. अधूनमधून वीज जायची तेव्हा ती सेलवर चालणारी बुडबुड्यांची डबी लावून वेळ निभवायची. पण ती थोड्या वेळापुरतीच. "इन्व्हर्टर घेऊ या," असं ती मागेच म्हणाली होती.

तो मी घेऊ दिला नाही. "का घ्यायचा इन्व्हर्टर?" मी गरजलो होतो. "अखंड वीज हा आपला हक्क आहे! इन्व्हर्टर घेणं म्हणजे शरणागती!"

"मला पाणी हलायला हवंय रे, शरणागती कुठे हवीय?"

पण मी तेव्हा लढ्याच्या तयारीत होतो. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा विजेचा डीपी म्हातारा झाला होता. तो गुरगुरायचा, ठिणग्या उडवायचा. तो बदलावा म्हणून आम्ही वीज कार्यालयाच्या फाटकावर साखळी उपोषण मांडलं. साखळी म्हणजे पाळीपाळीने उपाशी राहायचं. आपली पाळी संपली की घरी जाऊन जेवायचं. लोक हसतात, पण शिस्त लागते त्याला. शिस्तीची जबाबदारी झेंडा काकूंकडे. मोर्चात झेंडा कायम त्यांच्याकडे असतो आणि त्या तो कुणाला धरूही देत नाहीत, म्हणून झेंडा काकू. मी त्यांच्याकडून एक नियम पाठ करून घेतला होता: कुणी मलूल दिसलं, मान कलली, की लिंबू, साखर, मीठ घातलेलं पाणी द्यायचं. विचारत बसायचं नाही, डॉक्टरची वाट पाहायची नाही. काकू एक मोठा जग घेऊन बसायच्या आणि आमच्या मानांकडे टक लावून पाहायच्या. ऊन लागून कुणी मान तिरकी केली तरी जग हजर.

मी रोज भाषण करायचो. कार्यकारी साहेबांना मी भर रस्त्यात कर्ण्यावरून ‘खुर्चीला चिकटलेलं च्युइंगगम’ म्हणालो. टाळ्या पडल्या. "डीपी बदला! पूर्ण बदला! आजच्या आज बदला!" शेवटी साहेब बाहेर आले आणि म्हणाले, "बदलतो."

पुढच्या आठवड्यात रिक्षावरून पुकारा झाला: नागरिक समितीच्या मागणीवरून डीपी बदलण्यासाठी अमुक दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत वीजपुरवठा बंद. ‘समितीच्या मागणीवरून’ हे शब्द ऐकले आणि माझी छाती अशी फुगली की टपरीत मावेना. मी रिक्षावाल्याला थांबवून गल्लीतून आणखी एक फेरी मारायला लावली. संध्याकाळी नवा डीपी सुरू होताना छोटासा समारंभ, बटण माझ्या हस्ते. मी भाषण तयार करायला घेतलं.

घरी आलो तर ताई टाकीपुढे पाठमोरी उभी.

"ऐकलंस का?" मी म्हणालो. "जिंकलो!"

"दिवसभर?" तिने विचारलं.

"काय दिवसभर?"

"वीज. दिवसभर नाही?"

मी तोंड उघडलं. मग तिने न सांगताच मिटलं.

ती ओरडली असती तर मी ओरडलो असतो, आमचं तसं बरं चालतं. पण ती स्टुलावर बसली आणि हातोड्याकडे बघत म्हणाली, "डॉक्टर म्हणालेच होते, घरी नाही जगायचं."

दुसऱ्या दिवशी मी इन्व्हर्टर भाड्याने मिळतो का बघत फिरलो. तीन दुकानदारांनी सांगितलं, "तुमच्या गल्लीवाल्यांनी सगळे उचलले. वीज बंद आहे म्हणे दिवसभर. कुणीतरी मागणी केलीय." मी ‘कुणीतरी’ आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

मग राहिला एकच मार्ग. च्युइंगगम.

"या या, नेते!" साहेब खुर्चीतून उठले नाहीत, पण हसले. "आता काय राहिलं?"

"शटडाऊन पुढे ढकला."

"काय?"

"पुढे ढकला म्हणतोय."

"कशासाठी?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणालो, "घरी प्रवाळ आहे."

"कोण आहे?"

"प्रवाळ! खाऱ्या पाण्यातलं. जिवंत. बहिणीचं आहे."

साहेबांनी शिपायाला पंखा बंद करायला सांगितला, नीट ऐकू यावं म्हणून. शेजारच्या टेबलावरचे दोघे खुर्च्या वळवून बसले. मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं: पंप, हवा, हातोडा. ‘तोंड असतं’ इथे शिपाईही आत येऊन उभा राहिला.

"म्हणजे," साहेब सावकाश म्हणाले, "फाटकावर बसून ‘आजच्या आज’ ओरडत होतात तेव्हा घरी हे होतं?"

"होतं."

"आणि लक्षात नाही आलं?"

"आवाजात राहून गेलं," मी म्हणालो.

माणूस वाईट नव्हता, हे मला कबूल करायला फार जड जातं. त्याने दोन फोन लावून पाहिले. क्रेन ठरली होती, शेजारच्या दोन गल्ल्यांची वीज त्या दिवसापुरती दुसरीकडून वळवली होती. आता काही हलत नव्हतं. "लवकर उरकायला सांगतो," तो म्हणाला. "आणि एक सुचवू का? एखादा इन्व्हर्टर घेऊन ठेवा."

मी घरी परतलो आणि समितीची तातडीची बैठक बोलावली. आम्हाला दुसरं काय येतं? पण एक गोष्ट आम्हाला खरंच येते: पाळीपाळीने एकच काम दिवसभर करत राहणं. पंप चालणार नाहीत तर हात चालतील. टाकीतलं पाणी मगने उचलायचं, वीतभर उंचीवरून परत सोडायचं, आणि थांबायचं नाही. साखळी उपोषण केलं, आता साखळी ढवळण. झेंडा काकूंनी जागच्या जागी पाळ्या लावल्या.

त्या दिवशी सकाळी वीज गेली आणि पंपांची घरघर थांबली. त्या घरघरीला मी रोज शिव्या द्यायचो. ती थांबल्यावर खोली एखाद्या बंद पडलेल्या दुकानासारखी वाटायला लागली. दारात समितीची माणसं ओळीने उभी, आणि ताई प्रत्येकाचे हात तपासत होती, पुढे, मागे, नखं.

"साबण लावलाय? परत धुवा, नुसत्या पाण्याने. क्रीम? कोपरापर्यंत धुवा. हे काय आणलंत? तांब्याचं भांडं? बाहेर. तांबं विष आहे यांना. प्लास्टिकचा मग घ्या. धार कडेला सोडायची, हातोड्याच्या अंगावर नाही. आणि घोषणा नकोत. मासे लपलेत."

"मग जोर कसा येणार?" एकाने विचारलं.

"मनात द्या," ताई म्हणाली.

दुपारपर्यंत ठीक चाललं. मग पाणी तापायला लागलं. मागच्या रस्त्यावरच्या आइस्क्रीमवाल्याकडे वीज होती; त्याच्या फ्रीजरमध्ये ताईने पाण्याच्या बंद बाटल्या गोठवायला ठेवल्या होत्या. टाकीत तरंगवायच्या म्हणजे पाणी थंड राहतं. "मी आणतो," मी म्हणालो.

"नको. तू त्याच्याशी भांडशील आणि हात हलवत येशील. इथे थांब."

ती गेली. मी थांबायचं ठरवलं होतं. पण कोपऱ्यावर क्रेन आली होती, गर्दी जमली होती, आणि आपण दिलेल्या लढ्याचा डीपी हवेत लटकलेला बघायला दोन मिनिटं जाणं हे मला कर्तव्यच वाटलं. मग चार जण विचारायला आले, त्यांना मी डीपीची माहिती दिली. मला त्यातली फारशी नव्हती, त्यामुळे वेळ लागला. परत निघालो तर ताई बाटल्यांची पिशवी घेऊन समोरून येत होती. आम्ही एकदमच दारात पोचलो.

ताई उंबऱ्यातच थबकली. तिने नाक वर केलं.

"लिंबू कुणी पिळलं?"

टाकीपाशी झेंडा काकू उभ्या. एका हातात मग, दुसऱ्या हातात रिकामा जग. चेहऱ्यावर, वेळेवर धावून गेलेल्या माणसाचं समाधान.

"तो मोठावाला हो," त्या म्हणाल्या. "एकदम मलूल पडला. बोटं आत ओढली, मान टाकली. मी म्हटलं, आता बघत बसण्यात अर्थ नाही. दिला जग."

"अख्खा?" ताई म्हणाली.

"काकू!" मी ओरडलो. "अक्कल कुठे ठेवलीत? समुद्रातल्या प्राण्याला लिंबूपाणी पाजतं का कुणी?"

काकूंनी जग खाली ठेवला आणि माझ्याच आवाजात, माझ्यासारखंच बोट उगारून म्हणाल्या, "‘मान कलली की द्यायचं! विचारत बसायचं नाही! डॉक्टरची वाट पाहायची नाही!’ कुणी शिकवलं? सांगा ना. तीनदा वदवून घेतलंत माझ्याकडून."

खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. नेत्याची शिकवण इतकी तंतोतंत पाळलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"साखर किती होती?" ताईने विचारलं. आवाज अगदी दवाखान्यातला.

"भरपूर घातली. जीव आहे, तिथे कंजुषी कशाला करायची?"

"तो मलूल नव्हता पडला, काकू. दिवा गेला की काही वेळाने मिटतो तो. रोज मिटतो." ताईने पिशवी ठेवली. "लिंबू निभेल. मीठ तर आहेच. साखर वाईट. पाण्यातले बारीक जीव साखर खाऊन भसाभस वाढतात आणि सगळी हवा तेच खाऊन टाकतात. पंप चालू असते तर काहीतरी केलं असतं."

मी टाकीत पाहिलं. पाणी तसंच स्वच्छ दिसत होतं. पण पेशंट चेहऱ्याचे दोन्ही मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते, आणि हातोडा मुठी आवळल्यासारखा गच्च मिटलेला.

तयार खारं पाणी दोनच पिंप होतं. टाकी त्याच्या कितीतरी पट. सगळं पाणी बदलणं शक्य नव्हतं. ताईने पिंपाकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं. "बाकीचे दम काढतील, चिवट आहेत," ती म्हणाली. "हातोडा नाही काढणार. त्याला पिंपात हलवायला हवं."

"मग हलवू या की!"

"दगडासकट मावत नाही. बुडातून तोडावा लागेल." थोडं थांबून म्हणाली, "वरचं बोंड तेवढं जिवंत. खाली फांद्या दगडाच्या. फांदी तुटली तर चालतं. बोंड फाटलं तर गेला."

तिने कपाटातून दवाखान्यातली पकड काढली, दाढ काढायची. तिच्याबरोबर बाकदार अणकुची आणि आरसाही. सगळं पांढऱ्या फडक्यावर मांडलं. मग सवयीने माझ्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली, आणि पकड माझ्या हातात ठेवली.

मी पकडीकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हजारो दात तिच्यासमोर निघाले, पण तिच्या हाताने एकही नाही. ती अवजार द्यायची. ओढायचा दुसरा कुणीतरी.

मी हात पाण्याकडे नेला आणि मागे घेतला. किल्ल्या घासणारा हात. "ताई, माझ्याच्याने नाही व्हायचं," मी म्हणालो. समितीसमोर म्हणालो.

"माहितीय." तिने पकड काढून घेतली. "तू आरसा धर. आणि बोलू नकोस."

तिने बाही वर केली आणि दंडापर्यंत हात पाण्यात घातला. मी आरसा दगडामागे धरला. तिथून बुडाची फांदी दिसत होती, बोटाएवढी जाड, पांढरट. ती म्हणाली, "डावीकडे." मी उजवीकडे नेला. "तुझी नव्हे, माझी डावी." नेला. पकडीने फांदी धरली. तिचे ओठ हलले. मला ऐकू आलं नाही, पण मला ते दोन शब्द माहीत होते.

कट्‌.

एवढा लहान आवाज. पण काकूंनी डोळे गच्च मिटून घेतले. पुन्हा कट्‌. तिसऱ्या वेळी पकड घसरली आणि ताईच्या तोंडून शिवी निघाली, चांगली ठसठशीत. ती तिला कुठून येत होती देव जाणे; बहुतेक माझ्याकडूनच. मग तिसरी फांदीही सुटली.

हातोडा तीन तुकड्यांत बाहेर आला. ताईने ते ओंजळीत धरून पिंपात सोडले, एकेक, बाळ न्हायला सोडावं तसे. दोन नीट होते. तिसऱ्याच्या एका बोंडाला चीर गेली होती, आणि त्यातून चिकट पांढरं काहीतरी पाण्यात लोंबत होतं.

"आता पिंपही ढवळायचं," ती मला म्हणाली. "मगने नको, हाताने. सावकाश. थांबलास तर बघ."

मी जमिनीवर बसलो, खांद्यापर्यंत हात पिंपात घातला आणि ढवळायला लागलो. इकडे ताईने टाकीतलं पाणी उपसायला घेतलं. नळीला तोंडाने ओढ द्यायची होती, तो मान अर्थातच मला मिळाला. घोटभर आत गेलं. खारट, आंबट आणि, काकूंच्या उदारपणामुळे, बऱ्यापैकी गोड.

तेवढ्यात कोपऱ्यावर कर्ण्याची खरखर झाली. डीपी बसला होता. समारंभ सुरू होत होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"जा," ताई म्हणाली. "तुझं बटण आहे."

मला जायचं होतं. खोटं कशाला बोलू, मला फार जायचं होतं. त्या भाषणात तीन ठिकाणी टाळ्यांसाठी जागा सोडली होती. मी हात थांबवला. पिंपातले तीन तुकडे तळाला गप्प पडून होते. मी पुन्हा ढवळायला लागलो.

"काकू, तुम्ही जा," मी म्हणालो. "बटण तुम्ही दाबा."

"मी?" काकू दोन पावलं मागे सरल्या. "मी आज कशालाही हात लावायची नाही."

शेवटी कुणीच गेलं नाही. खिडकीतून साहेबांचा आवाज आला. त्यांनी नागरिकांच्या संयमाचे आभार मानले. मग म्हणाले, "आपले लाडके नेते आज इथे येऊ शकले नाहीत. ते घरी प्रवाळ ढवळत आहेत." अख्खी गल्ली हसली. माझ्या कुठल्याही भाषणाला एवढा प्रतिसाद कधी मिळालेला नाही. मी उठून खिडकीतून उत्तर देणार होतो, शब्द जिभेवर आले होते, पण हात पिंपात होता.

मग टाळ्या झाल्या आणि पंप एकदम गुरगुरले. निळा दिवा लागला. ताई टाकीच्या काचेला पाठ टेकून मटकन खाली बसली. तिच्या ओल्या बाहीतून पाणी ठिबकत होतं.

दुसऱ्या दिवशी टाकीतलं पाणी पातळ ताकासारखं झालं. ताई ते रोज थोडं थोडं बदलत राहिली. दोन माशांपैकी एक गेला. चिवट म्हणवले जाणारे बरेचसे खरंच चिवट निघाले. हातोड्याचे तुकडे पिंपातच होते, त्यांना वेगळा पंप आणि वेगळा दिवा. आता सकाळी चहाच्या आधी पिंपापुढे दोघं उभे राहायचो. मी आपला सहज तिथे असल्यासारखा. झेंडा काकू तर गल्लीतून जाताना खिडकीशी थांबून नुसती मान हलवून विचारायच्या. ताई मान हलवून ‘नाही’ म्हणायची. आवाज नाही, एक शब्द नाही. समितीचं कामकाज इतकं शांतपणे पूर्वी कधी चाललं नव्हतं.

इन्व्हर्टर मी स्वतः आणला. तो बसवताना ताईने हक्काबद्दल एकदाही काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मग एका सकाळी मधल्या तुकड्याच्या एका बोंडातून बोटाचं टोक बाहेर आलं. हिरवं, आडव्या गोळ्याचं. आम्ही दोघंही हललो नाही. दुपारपर्यंत दुसरं. दोन दिवसांत थोरला तुकडा पुरा उघडून डुलायला लागला, पाठोपाठ मधलाही. ताई काकूंना हाक मारायला खिडकीशी गेली, आणि तिचा आवाज फुटेना. तेव्हा मी हाक मारली. तेवढ्यासाठी मी बरा आहे.

चीर गेलेला तिसरा तुकडा मात्र उघडला नाही. एका दुपारी ताईने त्याचा वास घेतला आणि तो बाहेर काढून फडक्यावर ठेवला. नुसत्या पांढऱ्या दगडी फांद्या उरल्या होत्या. काकूही आल्या होत्या. अशा वेळी मला गप्प बसवत नाही. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "मला वाटतं, आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून…"

"भोंग्या," ताई म्हणाली, "हात धू. नुसत्या पाण्याने. या दोघांना आज टाकीत परत चिकटवायचंय. तो ब्रश दे."

मी हात धुतले आणि ब्रश दिला. तो चुकीचा होता. दुसरा दिला.